हरबाचा पाव तास

एका गावात एक भोळा मामा होता. नाव हरबा. सांगितलेलं तो अक्षरशः पाळायचा, हीच मोठी पंचाईत होती.

त्याची थोरली बहीण शेवंता नवऱ्याच्या नोकरीपायी नेपाळात, काठमांडूला राहायची. तिच्या बाळाचं जावळ काढायचं होतं, आणि जावळाला मामाची मांडी हवीच. शेवंताने चार दिवस आधी फोनवर बजावलं, "हरबा, मुहूर्त दुपारी बाराच्या आतला आहे. तुझ्या मांडीवर बसल्याशिवाय बाळाच्या केसाला हात लागायचा नाही. तीन तासांचं तर अंतर!"

हरबा तडक निघाला. तीन तास चालला आणि थांबला. समोर खडकवाडीची पिठाची गिरणी होती.

"आमची शेवंताताई कुठं राहते हो?" त्याने गिरणीवाल्याला विचारलं.

परत आल्यावर आईने कपाळाला हात लावला. "अरे खुळ्या, पायी नव्हे, विमानानं! विमानात बसायचं आणि तीन तास झाले की उतरायचं."

"असं होय! आता नाही चुकायचा."

मुंबईला जाऊन तो विमानात बसला. बसल्या बसल्या घड्याळ पाहून ठेवलं. विमान मात्र बराच वेळ जागचं हलेना. हललं, उडालं, आणि तीन तास भरले तेव्हा खाली नुसते ढग होते. हरबाने पिशवी काखोटीला मारली आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

हवाई सुंदरी धावत आली. "अहो काका, थांबल्यावर उतरायचं!"

"असं होय! आता नाही चुकायचा."

काठमांडूत उतरून त्याने टॅक्सी केली. पहिल्याच चौकात गाय आडवी आली, टॅक्सी थांबली. हरबा उतरला. मग पत्ता विचारत, धापा टाकत तो ताईच्या घरी पोहोचला. मनगटावर बाराला दहा कमी होते. गडी खूश झाला.

ताई मात्र उंबऱ्यावर बसून रडत होती. न्हावी कंटाळून निघून गेला होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

दाजींनी समजावलं, "इथलं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं असतं. इकडं येताना पाव तास जातो, परत गेलं की मिळतो."

हरबा रडणाऱ्या बहिणीकडे वळला. "एवढंच ना? रडू नको ताई. मी आणतो तो परत!"

पाण्याचा घोटही न घेता तो आल्या पावली फिरला. गावी पोहोचला. अंगणात पाट मांडला, त्यावर ऐसपैस मांडी घातली आणि हाक मारली, "आई, गेलेला पाव तास मिळाला! न्हाव्याला बोलाव!"

आई बाहेर आली. तिने मांडीकडे पाहिलं. "आणि बाळ कुठाय रे?"

"बाळ ताईकडं. तू जा आणि घेऊन ये," हरबा म्हणाला. "तीन तासांचं तर अंतर! तोवर मी मांडी मोडत नाही."