माडाखाली केलेली खूण

सांगा पाहू, हात कपाळावरून छातीवर आणि एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जायला किती वेळ लागतो? दोनदा पापणी लवते, तेवढाच! पण तेवढ्याच वेळात एकदा एका माणसाचे घरदार पणाला लागले होते.

ही फार फार मागची गोष्ट. खाडीकाठच्या एका राज्यात माडांवर चढून नारळ पाडणारे दोन मित्र राहत. एक बुटका, एक लंबू. गाव त्यांना याच नावांनी हाक मारी. दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला होता. माडाला हात लावण्याआधी दोघेही क्रूसाची खूण करत, मगच बुंध्यावर पाय ठेवत.

पुढे तिथे नवा राजा आला. त्याला वाटे, येशूला प्रभू म्हणणारे लोक मला राजा मानणार नाहीत. त्याने दवंडी पिटवली, "येशूच्या माणसांना या राज्यात थारा नाही! जो सापडेल त्याचे घर जाईल, माड जातील, गाव सुटेल!"

लोक लपून प्रार्थना करू लागले. राजाला एकही जण सापडेना.

आणि एक दिवस लंबू गुपचूप राजवाड्यात गेला. राजाच्या नारळबागेचा मुकादम होण्याची त्याला भारी हौस होती. तो म्हणाला, "महाराज, बुटक्याला सर्वांसमोर माडावर चढवा. खूण केल्याशिवाय त्याचा पाय उचलत नाही."

झाले! सणाच्या दिवशी राजवाड्यासमोर हीऽऽ गर्दी जमली. राजा म्हणाला, "बुटक्या, या माडावरची शहाळी काढून दे. नुसता चढलास तर मोकळा. खूण केलीस तर घर गेले म्हणून समज."

खुणेची गोष्ट राजाला कोणी सांगितली? बुटक्याने लंबूकडे पाहिले. लंबू आपल्या पायांकडे बघत राहिला. बुटक्याला सगळे कळले.

गर्दीतून त्याची बायको ओरडली, "अहो, मनातल्या मनात करा ना! देवाला कळतं!"

"देवाला कळेल गं," बुटका म्हणाला. "पण आज मनात केली, तर उद्या मनातूनही जाईल."

बुटक्याचा हात वर गेला. कपाळ, छाती, हा खांदा, तो खांदा!

"बांधा त्याला!" राजा गरजला. मग लंबूकडे वळून म्हणाला, "तूही त्याच्याबरोबरच वाढलास. आता तू चढून दाखव. खुणेशिवाय!"

"हा चढलो, महाराज!" लंबू हसत पुढे आला. हात जोडले नाहीत, खूण केली नाही, सरळ बुंध्यावर पाय टाकला. भराभर शेंड्याला पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण वरून त्याला काय दिसले? खाली दोरांनी बांधलेला बुटका! लंबूचे हातपाय गारठले. त्याने माडाला घट्ट मिठी मारली. वारा सुटला, माड डोलू लागला, आणि त्याला खाली येता येईना.

"अरे लंबू, घरटं बांधतोस का रे वर?" कोणीतरी ओरडले. लोक हसले. पण लंबूचा एक पाय निसटला आणि हसू थांबले.

"महाराज, मला सोडा!" बुटका ओरडला. "पळणार नाही. त्याला उतरवतो आणि परत येतो!"

राजाने होकाराची मान हलवली. शिपायांनी दोर सोडले. बुटक्याने पुन्हा सर्वांसमोर खूण केली आणि तो सरसर वर चढला.

"लंब्या, खाली बघू नकोस. माझ्या खांद्यावर पाय टेक."

"मी तुला विकलं रे," लंबू रडत म्हणाला.

"ते खाली गेल्यावर बोलू. आधी पाय टेक!"

खांद्यावर पाय, मग थोडे खाली, पुन्हा खांद्यावर पाय. असे करत दोघे जमिनीला लागले. गर्दीने एकच जल्लोष केला!

राजाने विचारले, "ज्याने तुला धरून दिले, त्यालाच वाचवलेस?"

"महाराज, खूण केली ती काय नुसता हात हलवायला?" बुटका धापा टाकत म्हणाला. "माझ्या प्रभूने त्याला मारणाऱ्यांनाही क्षमा केली. तोच रस्ता मला धरायचाय."

राजा म्हणाला, "हुकूम तो हुकूम. उद्या गाव सोड. लंबू, तू उद्यापासून मुकादम."

लंबू हात जोडून उभा राहिला. "नको, महाराज. मीही येशूचाच आहे. मलाही याच्याबरोबर जाऊ द्या."

म्हणून सांगते, ज्याने आपल्याला धरून दिले त्यालाही जो हात देतो, तोच प्रभूशी खरा राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटका, त्याची बायको आणि लंबू एकाच होडीतून खाडीपलीकडे गेले.