कोंडाईचं पान

बसा रे, आणि ती बोरं आधी खिशात टाका. गोष्ट ऐकताना तोंड चालवायचं नाही.

फार वर्षांपूर्वी, गारमाळावर सडक नव्हती, नुसत्या मेंढरांच्या वाटा होत्या, तेव्हाची ही कोंडाई धनगरीण. तेव्हा लोक जनावरांच्या तीन पंगती मानायचे. शेळ्यामेंढ्या, हरणं चाऱ्याच्या पंगतीत. लांडगा मांसाच्या. आणि मिळेल ते खाणाऱ्यांच्या तिसऱ्या पंगतीत कावळा, डुक्कर आणि, हसू नका, आपण माणसं!

एका दुष्काळी हिवाळ्यात संध्याकाळी कोंडाईची चिमुरडी गजरा तळावरून नाहीशी झाली. सकाळी तळाजवळ लांडग्याची पावलं दिसली. झालं! तिचा दीर बिरा काट्यांचा भारा घेऊन लांडगीच्या बिळाशी गेला, मागे सगळा गाव. आत पिल्लं कुईकुई करत होती. बिरा आग लावणार, तोच कोंडाई आडवी आली.

"वैनी, सरका! तुमच्याच लेकीला खाल्लंय हिनं!"

"थांबा भावजी. मला बघू द्या."

तिनं बिळापुढची ताजी विष्ठा हातानं फोडली. नाकं काय मुरडता? आई होती ती. सशाचे केस निघाले. उंदराची हाडं, टोळांचे पंख. आणि बोराच्या आठळ्या, मूठभर!

"लांडगा बोरं खातो व्हय?" बिरा चाट पडला.

"खातोय. माझी पोर न्हाई खाल्ली त्यानं."

पण त्या साली माळावर एकही बोर फळली नव्हती, आणि गजरा तर बोरांसाठी जीव टाकायची. कोंडाईनं वर पाहिलं. टेकाडावर लांडगी उभी होती. "बाई," कोंडाई म्हणाली, "तुझी बोर कुठं हाय, तेवढी दाव." लांडगी वळली आणि चालू लागली, मागे वळून बघत बघत, असं म्हणतात.

ओढ्यापलीकडे, खडकाच्या कपारीत एक बोर फळांनी वाकली होती. खाली गजरा, गालात बोर धरून. अख्खी रात्र गारठ्यात काढलेली पोर, पण अंग उबदार! आणि झग्याला लांडग्याचे केस चिकटलेले. बिरानं तिथंच हात जोडले. अंगावर काटा येतो हो सांगताना.

तेव्हापासून गारमाळावर कुणी लांडग्याचं बीळ पेटवत नाही. पौषातल्या जत्रेला माणसांच्या पंगतीत एक पान जास्त मांडतात. त्याला कोंडाईचं पान म्हणतात. त्यावर मीठसुद्धा वाढतात, वर ओंजळभर बोरं. मग गावातली एखादी लेकुरवाळी ते पान कपारीत नेऊन ठेवते आणि म्हणते, "जेव बाई, तू आमच्याच पंगतीतली."