धाकू तांडेलाची पाठ

शेवऱ्याच्या खाडीतील वाळूच्या पुळणी दर पावसाळ्यात आपली जागा बदलतात. मुखाजवळची एक मात्र हलत नाही. ओहोटीला ती पाण्याबाहेर आली, की कोणी ओणवे होऊन भार पेलत असावे, अशी दिसते. नौकाविहाराला येणाऱ्या पाहुण्यांना ती दाखवताना येथले वृद्ध नावाडी बाबलतात्या म्हणतात, "ही धाकू तांडेलाची पाठ."

धाकू हा या खाडीचा जाणता नावाडी होता, असे सांगतात. त्याची एकुलती मुलगी चांगुणा डोंगरापलीकडे दिलेली. सासू-सासरे तिला घेऊन प्रथमच शेवऱ्याला आले, तेव्हा त्यांना खाडीची मौज दाखवावी, म्हणून धाकूने होडी काढली. बोलण्याच्या भरात त्याचे पाण्यावरचे लक्ष उडाले. तळाशी खरखर झाली आणि होडी थबकली. तो आवाज चांगुणा लहानपणापासून ओळखत होती.

सासऱ्यांनी चेष्टा केली, "काय वो व्याह्यांनू, व्हडी दमली?"

"नाय वो," धाकू हसून म्हणाला, "जेवाक थांबवलंय."

सासरच्या माणसांदेखत बापाची मान खाली जाऊ नये, म्हणून चांगुणाही हसली, म्हणे.

पाणी ओसरले. उन्हाने पाहुणे कासावीस झाले. रुतलेली होडी पुळणीच्या उंच अंगाकडे कलती ठेवायची, म्हणजे भरतीचे पाणी आत न शिरता तिला उचलते, हा नावाड्याचा पहिला धडा. परंतु तशी कलवली तर सावली मिळेना. धाकूने पाण्याकडे पाहिले, व्याह्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला, आणि होडी खोल पाण्याच्या बाजूस कलवली. तिच्या उंचावलेल्या काठाच्या सावलीत पंगत बसली.

भरती आली ती उधाणाची. पानांखालची वाळू ओली झाली, तेव्हा पलीकडच्या खालच्या काठावरून होडीत गुडघाभर पाणी शिरले होते. सासूबाईंचा घास हातातच राहिला. धाकूने सर्वांना होडीत चढवून वरच्या काठाशी बसवले, पाणी उपसायला लावले, आणि स्वतः खालच्या काठाखाली पाठ घातली. होडी तसूतसूने सरळ झाली, तरंगली. त्याचे पाय मात्र मांड्यांपर्यंत वाळूत गेले होते.

चांगुणेने वल्हे पुढे केले. त्याने ते धरले नाही. धरले असते, तर होडी पुन्हा कलली असती.

"व्हडी मियां थांबवूक नाय, चेडवा," तो म्हणाला. "रुतली होती."

मग त्याने दोन्ही हातांनी होडी दूर लोटली.

होडी धक्क्याला लागली, तरी चांगुणेने पुढे केलेले वल्हे तसेच होते, मुठी उघडेनात. पुढच्या ओहोटीला गावकरी तेथे गेले. धाकू नव्हता. तो उभा होता तेथे ओणव्या पाठीसारखी ही पुळण होती.

आजही या खाडीत होडी टेकली, तर नावाडी कशालाही हात लावण्यापूर्वी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणतो, "रुतली." आणि त्या शब्दावर शेवऱ्यात कोणी हसत नाही.