शिळं पाणी आणि केसरची तिसरी इच्छा

डोंगरांच्या कुशीत टेंभुरडं नावाचं एक इवलंसं शहर होतं. शहर कसलं, नगरपालिका होती म्हणून शहर म्हणायचं! तिथे केसर नावाची चिमुरडी आपल्या आईबरोबर राहायची. आई, म्हणजे मंजुळाबाई, नगरपालिकेच्या बागेत झाडांना पाणी घालायची. त्या कामावरच दोघींची चूल पेटायची.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. तलाव आटत आटत बशीएवढा उरला. नळाला आठव्या दिवशी पाणी येऊ लागलं आणि नगरपालिकेने ठरवलं, बागेला आता थेंबभरही पाणी नाही. बाग बंद म्हणजे आईचं कामही बंद.

"सोमवारी मी नाशिकला कामाला जाते गं," आई म्हणाली. "तू मामीकडे राहा. शहाण्यासारखी राहशील ना?"

केसर शहाण्यासारखी 'हो' म्हणाली. मग कोरड्या कारंज्यापाशी जाऊन हमसून हमसून रडली.

टप्पकन एक आसू कारंज्यात पडला. लख्ख निळा उजेड झाला आणि अंगठ्याएवढी परी वर आली! पंख मोरपंखी, झगा चंदेरी, केसांत थेंबांचे मणी.

"रडू नकोस, सोनुले. तीन इच्छा माग," परी म्हणाली. "पण नियम ऐक हं. मला नवं पाणी करता येत नाही. इकडचं तिकडे नेता येतं, तेवढंच."

केसरने नीट ऐकलं कुठे! "माझी बाग हिरवीगार होऊ दे!"

परीने टाळी वाजवली. पाटापाटांतून झुळझुळ पाणी धावलं. मोगरा फुलला, गुलाब लाजून लाल झाला. तेवढ्यात कुंपणापलीकडे राहणाऱ्या सखूमावशीचा आवाज आला.

"अगं बाई! माझे हंडे कुणी गं रिकामे केले? बाळाला आता काय पाजू?"

केसरचा चेहरा पडला. "परीताई, मावशीचं पाणी परत दे! आत्ताच्या आत्ता!"

बाग पुन्हा सुकली. "तुझी दुसरी इच्छा संपली," परी हळूच म्हणाली.

"संपू दे," केसर म्हणाली. तिसरी मात्र तिने घट्ट जपून ठेवली.

रविवारी सकाळी नळ फुसफुसले. "पाणी आलं, पाणी आलं!" सगळं टेंभुरडं धावलं, आणि सगळ्यांनी आधी काय केलं सांगू? घरातले हंडे उचलले आणि गटाराकडे धरले! स्वच्छ, झाकलेलं, निम्मंअर्धं उरलेलं पाणी धडाधड ओतायला घेतलं. का, तर ते शिळं! आठ दिवसांचं पाणी देवाला चालत नाही, पाहुण्याला चालत नाही.

केसरही दर वेळी असंच करायची. आज कळशी कलती करता करता ती थबकली आणि कळशीआड बसलेल्या परीला तिने विचारलं, "परीताई, पाणी शिळं होतं का गं?"

परी खुदकन हसली. "अगं, तुमच्या नळाला येतं ते पाणी गेल्या सालच्या पावसाचं! ते ताजं, आणि त्यातलंच आठ दिवस हंड्यात झाकलेलं शिळं?"

"मग हे ओतलेलं घेतलं, तर कुणाचा हंडा रिकामा होणार नाही ना?"

"नाही. ते त्यांनी टाकलंच आहे."

केसरच्या ओठांवर 'बागेत' असा शब्द आला. बाग जगली असती, आई राहिली असती. पण तिला सखूमावशीचं बाळ आठवलं. तलाव आटला तर अशी गल्लोगल्लीची बाळं तहानेली राहणार होती.

"तलावात," ती कसंबसं म्हणाली. "गटारात पडायच्या आत सगळं तलावात ने." आणि तिला रडू फुटलं.

गल्ल्यागल्ल्यांतून पाण्याच्या रुपेरी फिती उठल्या. इंद्रधनुष्याचे रंग उधळत त्या कौलांवरून तलावाकडे उडाल्या. माणसं रिकामे हंडे धरून आ वासून बघत राहिली.

थोड्याच वेळात नगरपालिकेच्या मुख्याधिकारी मॅडम धापा टाकत गल्लीत आल्या. "तलाव चार बोटं चढला! गावाला तीन-चार दिवस पुरेल एवढं पाणी! आलं कुठून?"

केसरने सगळं खरं सांगितलं. परीवर कोण विश्वास ठेवणार? पण सखूमावशीने मान खाली घातली. "मॅडम, पोर खरं बोलते. पाणी आमचंच. आमच्या आज्या ओतायच्या, म्हणून आम्हीही ओतलं. एवढं असतं ते, कुणाला ठाऊक!"

मॅडमनी रिकाम्या हंड्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "पाऊस येईपर्यंत पाण्याच्या दिवशी घरोघर जाऊन, झाकलेलं पाणी शिळं होत नाही, हे समजवायला माणूस हवं. ज्यांना शिळं नकोच, त्यांचं हातगाडीवर गोळा करून बागेला घालू. मंजुळाबाई, जमेल?"

"जमेल का, काय विचारता!" गर्दीतून पुढे येत आई म्हणाली. "आत्तापासून लागते!"

परी केसरच्या खांद्यावर येऊन बसली. "आईसाठी तू काहीच मागितलं नाहीस गं?"

"मागायचं होतं," केसर म्हणाली. "खूप मागायचं होतं."

परीने तिच्या गालाचा इवलासा पापा घेतला. निळा, जांभळा, सोनेरी उजेड झाला आणि परी त्यात विरघळून गेली. केसरने डोळे उघडले तेव्हा आईने तिला कडेवर उचललं होतं. एवढ्या मोठ्या मुलीला कुणी कडेवर घेतं का? पण आईने घेतलं, आणि घर येईपर्यंत खाली ठेवलंच नाही.