तायव्वाचं धुराडं

वारणेवर पूल नव्हता आणि पैलतीरी जायचं तर गूळ करायच्या काहिलीत बसून जावं लागायचं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. नदीच्या काठाला आडोळी नावाचं गाव होतं. गावात एकच गुऱ्हाळ होतं आणि त्या गुऱ्हाळावर राऊबा नावाचा गुळव्या होता. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे तो डोळे मिटून, नुसत्या वासावरून सांगायचा, असं म्हणतात. हाताला गुण मोठा, पण माणूस भारी मानी. दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की याच्या पोटात दुखायचं.

त्या पोटदुखीचं नाव तायव्वा.

तायव्वा पैलतीरावरची. धुराडी झाडणं हे तिच्या घरचं काम. दिवाळी सरली, ऊस तोडायला आला की ती काठाकाठानं गावोगाव फिरायची. खांद्यावर घायपाताचा दोर, दोराला बाभळीच्या काट्यांची मोळी आणि मोळीखाली वजनाला धोंडा. धुराड्याला शिडी लावून वर चढायची, मोळी आत सोडायची आणि वरखाली ओढायची. वर्षभराची काजळी धबाधबा खाली पडायची. मग विटांना कान लावून ठोकत ठोकत उतरायची आणि कुठली वीट तडकलीय ते सांगायची. धुराडं तिच्याशी बोलायचं, असं म्हणतात. एवढं करून तिच्या लुगड्याला काळा डाग लागायचा नाही, असंही म्हणतात. आता हे मला काही खरं वाटत नाही, पण म्हणतात.

ती यायला लागली आणि आडोळीचा गूळ पालटला. आधी धूर माघारी फिरून काहिलीवर पसरायचा, गूळ काळपट व्हायचा. आता धूर सरळ वर निघाला, जाळ नीट लागला, ढेप पिवळीधमक झाली. लोक म्हणायला लागले, "तायव्वाचा हात लागला बघा!" राऊबा काहिलीपुढं उभा राहून दिवसभर भाजून निघायचा आणि नाव व्हायचं तायव्वाचं. हंगामातल्या पहिल्या गुळाचा पहिला घास हा गुळव्याचा मान. एका वर्षी पाटलांनी तो सगळ्यांदेखत तायव्वाच्या हातावर ठेवला. राऊबा तोंडभर हसला आणि घरी जाऊन भरल्या ताटावरून उठला.

पुढच्या हंगामाला तायव्वा आली तर राऊबा गुऱ्हाळाच्या दारातच आडवा उभा.

"धुराडं झाडून झालंय," तो म्हणाला.

"कुणी झाडलं अण्णा?"

"मी. मला काय हात न्हाईत?"

तायव्वानं विटांना कान लावला, काठीनं दोन ठिकाणी ठोकलं. "अण्णा, आत काजळी बसलीया. थर जाड हाय. असंच पेटवू नगासा, धुराडं पेट घेईल."

"तुझं काम न्हाई म्हटलं की धुराडं पेटतंय व्हय? जा की गप."

तायव्वा गेली. नदीही ओलांडून गेली. झाडून झालंय ही राऊबाची थापच होती. मग त्यानं काय करावं? मोळी आत सोडून ओढणं हे तायव्वाचं काम, ते आपण करायचं नाही. आपण आगवाले, आगीनंच काजळी जाळून दाखवू! त्यानं उसाचं वाळलेलं पाचट धुराड्याच्या बुडाशी गच्च कोंबलं आणि पेटवून दिलं. आता गाव बघेल धुराडं कसं साफ करतात ते, असं त्याला वाटलं.

गावानं बघितलं. आधी घुंई घुंई आवाज आला, मग धुराडंच गरजायला लागलं. आतल्या काजळीनं पेट घेतला. तोंडातून माडाएवढा जाळ निघाला आणि ठिणग्या उडायला लागल्या. गुऱ्हाळाला लागून वाळल्या चिपाडाची गंजी होती आणि गंजीला लागून गावाची गवती घरं. माणसं घागरी घेऊन धावली. राऊबा मात्र उरलेलं पाचट हातात धरून तिथंच उभा होता.

पैलतीरावरून तायव्वानं तो जाळ पाहिला. काठावर काहील नव्हती. नदीवर धूर उतरला होता आणि त्या धुरावरूनच ती चालत आली, असं म्हणतात.

"पाणी आत वतू नगासा!" ती लांबूनच ओरडली. "तापल्या इटा फुटतील! पाणी गंजीवर मारा!" मग ती राऊबाकडे वळली. आता ही सगळ्यांपुढं आपली लाज काढणार, म्हणून त्यानं मान खाली घातली. तायव्वा म्हणाली, "अण्णा, चुलीचं तोंड चिखलानं बंद करा. ते तुमच्याबिगर कुणाला जमायचं न्हाई. आत वारं जाऊ देऊ नगासा."

राऊबानं दोन्ही हातांनी चिखल थापला. हात पोळले, डोळ्यांतून पाणी आलं. ते काही धुराचं नव्हतं. 'एवढं मोठं मनसुद्धा देवानं हिलाच द्यावं?' असं त्याच्या मनात आलं. त्या घडीलाही तो जळतच होता, बिचारा.

तायव्वा ओली घोंगडी घेऊन शिडी चढली. लोकांनी तिला वर उभी पाहिली, घोंगडी पसरताना पाहिली. धुराड्याचं तोंड झाकलं, खालून वारं तुटलं आणि गरजणारं धुराडं एकदम गप्प झालं. गंजी वाचली, गाव वाचलं. धूर निवळल्यावर सगळ्यांनी वर पाहिलं तर घोंगडी तशीच पसरलेली, एक धागा जळलेला नाही आणि तायव्वा कुठंच नाही. खाली नाही, आत नाही, नदीत नाही. ती धुराबरोबर वर गेली, असं म्हणतात.

राऊबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. गूळ करायचा आणि कुरकुरायचा, "जल्मभर मी भाजून घेतलं आणि गावाच्या तोंडात तीच." पण धुराडं झाडणाऱ्या जाणत्या माणसाला तो दरवर्षी स्वतः पैलतीरी जाऊन बोलावून आणायचा. विटा ठोकून होईपर्यंत चुलीजवळ काडीसुद्धा येऊ द्यायचा नाही. गुऱ्हाळाच्या मालकानं घाई केली, तर मालकाच्याही अंगावर जायचा.

आडोळीत ती रीत अजून आहे. धुराडं झाडणारा खाली उतरला की गुळव्या स्वतःच्या हातानं त्याचे पाय धुतो. मग चुलीच्या तोंडाशी बसतो, धुराड्याच्या आतून वर बघतो आणि विचारतो, "तायव्वा, पेटवू का?" वरून आभाळाचा तुकडा स्वच्छ दिसला तरच ती हो म्हणाली असं समजायचं. आणि गुळव्या कितीही मानी असला, तरी तोवर हातातली काडी ओढत नाही.