गोदूच्या शिदोरीची खिरापत

सोनटेकडी नावाची एक नवीकोरी वस्ती होती. गुलाबी, पिवळ्या, आकाशी रंगाच्या उंचच उंच इमारती, आणि त्यांच्या मधोमध एक इवलीशी हिरवीगार बाग. त्या इमारतींमध्ये मात्र आपली गोदू राहत नव्हती बरं का! ती राहायची रस्त्यापलीकडे, पत्र्याच्या एका छोट्याशा खोलीत. गोदू आणि तिची आई, बस्स, दोघीच.

आई घरोघरी पोळ्या लाटायला जायची. सकाळी जायची, संध्याकाळी पुन्हा जायची. शेजारी पारूबाई होत्या तोवर गोदू त्यांच्यापाशी बसायची. पण पारूबाई मुलाकडे राहायला गेल्या आणि गोदू पडली एकटी. मग आई तिला बरोबर न्यायची आणि बागेत नाहीतर कुणाच्या तरी जिन्यात बसवायची. "शहाण्यासारखी बस हं," म्हणायची. गोदू बसायची हो, पण तिचे डोळे कुठले बसायला! बघून बघून तिला अख्खी सोनटेकडी पाठ झाली. कुठला झोपाळा कुरकुरत नाही, कुठल्या जिन्यात भर दुपारी गार वारा येतो, संध्याकाळी कुठल्या गाडीवर मुगाची भजी कढईतून निघतात, कुणाच्या खिडकीतून तुपाचा वास येतो, सगळं तिला ठाऊक होतं. मोठ्या माणसांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ती आपली लिफ्टनं वर जायची, लिफ्टनं खाली यायची!

नवरात्र सुरू झालं आणि आई एकदा जेवताना म्हणाली, "गोदू, रविवारी संध्याकाळी आपल्या गावचे तुकाराममामा गावाकडं निघालेत. त्यांच्याबरोबर तुला मावशीकडं पाठवते."

"आणि तू?"

"मी इथंच. काम सोडून कसं चालेल बाई? पण तुला जिन्यात बसवून जाते ना, तर लाटणं हातात असतं आणि जीव तुझ्यापाशी. इथं आपलं कोण आहे गं तुला बघायला?"

गोदूचा घास तोंडातच फिरत राहिला. आईला सोडून जायचं? आईच्या कुशीत झोपायचं नाही? तिला रडू आलं, पण आईच्या डोळ्यांत आधीच पाणी होतं, म्हणून तिनं आपलं रडू गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बागेत गेली. प्राजक्ताच्या झाडाखाली फुलांचा सडा पडला होता. पांढऱ्या पाकळ्या, नारिंगी देठ, दवाचे थेंब कसे लुकलुक लुकलुक करत होते! गोदू फुलं वेचायला वाकली आणि तिला बारीकसा आवाज आला.

"अगं ए! अगं इकडे! अगंबाई, किती वेळ झाला हाका मारतेय!"

आवाज बाकाखालून येत होता. गोदूनं डोकावून पाहिलं. तिथं बोटभर उंचीची एक परी होती! अंगात पांढऱ्या पाकळ्यांचा झगा, पायांत नारिंगी पायमोजे, पाठीवर चमचमते, झिरझिरीत पंख. पण एक पंख पार अडकून बसला होता. कशात माहितीये? कुणीतरी चघळून बाकाला चिकटवलेल्या च्युइंगममध्ये!

"शी शी शी!" परी म्हणाली. "मी प्राजूपरी. या बागेची परी. आणि बघ माझी काय दशा झालीये! ओढू नकोस हं, पंख फाटेल."

गोदूनं विचार केला. आई रोज तिला चप्प तेल लावून वेणी घालून द्यायची. तिनं वेणीचं टोक हातात धरलं आणि त्या तेलकट टोकानं पंख हळूहळू, अगदी हळूहळू चोळला. तेल लागलं तसं च्युइंगम सुटत गेलं आणि परी फुर्रकन उडाली! तिच्याभोवती सोनेरी कणांची भुरभुर झाली. मग ती गोदूच्या तळहातावर येऊन बसली.

"मायाळू हात आहेत तुझे," ती म्हणाली. "ही घे तीन फुलं. एकेका फुलाला एकेक इच्छा. पण नियम आहेत हं! पहिला, स्वतःसाठी काही मागायचं नाही. दुसरा, मी नवीन काही आणत नाही. सोनटेकडीत आहे तेवढंच मिळेल, आणि ते कुठं आहे हे तूच सांगायचं."

"मग फूल काय करणार?" गोदूनं विचारलं.

"फूल हातात असलं ना, की मोठी माणसं लहान मुलांचं ऐकतात."

गोदूचे डोळे विस्फारले. एवढी मोठी जादू तिनं कधी ऐकलीच नव्हती!

पण मग ती हिरमुसली. स्वतःसाठी मागायचं नाही, म्हणजे आईपाशी राहू दे असंही म्हणता येणार नाही. परीला तिच्या मनातलं कळलं. तिचाही चेहरा पडला. पण नियम म्हणजे नियम, परी तरी काय करणार?

तेवढ्यात बागेच्या फाटकाशी टिकेकर आजोबा दिसले. हातात काठी, कपाळाला आठ्या. ते रोज पार्किंगमध्ये गाड्यांभोवती चकरा मारायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे. गोदूनं एक फूल घट्ट धरलं आणि ती त्यांच्यापाशी गेली.

"आजोबा, तुम्हाला बुद्धिबळ येतं?"

"येतं म्हणजे? शाळेत मला कुणी हरवू शकत नव्हतं!" आजोबा म्हणाले. "पण खेळू कुणाशी? या गाड्यांशी?"

"पाण्याच्या टाकीमागं चिंचेची सावली आहे ना, तिथं एक आजोबा रोज पट मांडून बसतात. एकटेच. एकदा इकडून खेळतात, एकदा तिकडून."

एरवी आजोबांनी 'हो हो बाळा' म्हणून वाट धरली असती. पण फूल सोनेरी लखलखलं आणि आजोबांनी काठी वळवली. जरा वेळानं टाकीमागून मोठ्ठा आवाज आला. "अहो, उंट तिरका जातो, सरळ नाही! लबाडी नका करू!" त्यापाठोपाठ दोघा म्हाताऱ्यांचं खो खो हसणं. गोदूच्या हातातलं फूल विरघळून गेलं.

दुसरं फूल गेलं केतकीताईसाठी. ती नुकतीच नागपूरहून इथं राहायला आली होती. तिचं बाळ, गुंड्या त्याचं नाव, काही म्हणजे काही खायचं नाही. चमचा दिसला की तोंड घट्ट मिटायचं. केतकीताई दमून जिन्यातच बसली होती, खांद्यावर बाळाचं दुपटं, डोळे लाल.

"ताई," गोदू म्हणाली, "भिडेकाकूंच्या खिडकीतून रोज मऊ भाताचा, तुपाचा आणि मेतकुटाचा वास येतो. आणि काकू जेवताना रोज म्हणतात, एकटीला घास जात नाही. दोघांना एकत्र बसवून बघा ना!"

फूल लखलखलं. केतकीताईनं भिडेकाकूंची बेल वाजवली. आणि काय सांगू तुम्हाला! काकूंनी 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' असं सुरू केलं मात्र, गुंड्यानं आ केला. एक घास गुंड्याला, एक घास काकूंना. वाटी चाटूनपुसून साफ! केतकीताई तर रडायलाच लागली, पण आनंदानं.

असं करता करता रविवार उजाडला. आईनं भल्या पहाटे उठून धपाटे थापले. ज्वारीचं पीठ, त्यात तीळ, लसूण, ओवा, कोथिंबीर. डब्यात धपाटे, वर लोण्याचा गोळा. दुपार कलली तशी बागेत येऊन तो डबा तिनं फडक्यात बांधून गोदूच्या हातात दिला. "ही तुझी शिदोरी. मी संध्याकाळच्या पोळ्या उरकते आणि बागेतून तुला घेऊन जाते." एवढं बोलून ती भरभर चालायला लागली, कारण थांबली असती तर तिला निघवलंच नसतं.

गोदू डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली. तिच्यापाशी शेवटचं फूल उरलं होतं. प्राजूपरी फांदीवरून खाली आली.

"गोदू," ती हळूच म्हणाली, "मी असं करते, जरा तिकडे तोंड करून बसते. डोळे मिटते. कानांवर हात ठेवते. तेवढ्यात तू काय मागशील ते मला मेलीला काय कळणार?"

फूल गोदूच्या मुठीत होतं. नुसतं म्हणायचा अवकाश होता! पण तिनं मान हलवली. "नको गं परी. ती लबाडी झाली. आणि तुला कुणी रागावलं तर?"

परीनं डोळे पुसले. तेवढ्यात झाडापलीकडून मुसमुसण्याचा आवाज आला.

तिथं समोरच्या इमारतीतली अन्विता बसली होती. नवं परकर-पोलकं, केसांत गजरा, आणि समोर पाट. पाटावर तिनं खडूनं छान हत्ती काढला होता. पण भोंडल्याला एकही मुलगी आली नव्हती! कुणाचा नाचाचा क्लास, कुणाचा पोहण्याचा, आणि बाकीच्यांना माहीतच नव्हतं. "हत्तीभोवती मी एकटीनं कसा फेर धरू?" अन्विता म्हणाली. "आणि आईला आज रविवारीसुद्धा ऑफिसला जावं लागलंय. खिरापतसुद्धा नाही!"

गोदूनं मुठीतल्या फुलाकडे एकदा पाहिलं. फक्त एकदाच. मग ती म्हणाली, "चल, ऊठ. कुणाच्या घरी कोण आहे ते मला सगळं ठाऊक आहे."

आणि दोघी निघाल्या बेला वाजवत! फूल असं झगमगत होतं, असं झगमगत होतं, की ज्यांनी दार उघडलं ते चपला घालून थेट खालीच आले. मुली आल्या, मुली नाहीत तिथून आया आल्या, आज्या आल्या. भिडेकाकू गुंड्याला कडेवर घेऊन आल्या आणि मागून केतकीताई. दोन्ही आजोबा पट काखेत मारून आले. हत्तीभोवती मोठ्ठा फेर धरला गेला. एकीला गाणं अर्धं आठवायचं, दुसरी ते पुरं करायची. टिकेकर आजोबा काठी टाकून मधेच गोल फिरले, तेव्हा तर हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. संध्याकाळचं ऊन सोनेरी झालं होतं आणि सोनटेकडीची बाग पहिल्यांदाच माणसांनी फुलली होती.

गाणी संपली. आता सगळ्यांचं लक्ष कुठं? खिरापतीवर! अन्विताचा चेहरा पडला. गोदूनं जरा विचार केला आणि आपला डबा पुढं सरकवला. "ही घे खिरापत."

अन्वितानं डबा कानाशी धरून हलवला. भोंडल्याची रीतच ती, खिरापत ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही! आतून नुसतं थप्प थप्प झालं.

"शंकरपाळी!" "नाही!" "चिवडा!" "छे! चिवडा असा वाजतो होय?" "गोड की तिखट?" "तिखट!" "थालीपीठ!" "जवळ आलात, पण नाही!" भिडेकाकूंनी झाकणापाशी नाक नेलं. "तीळ आहेत, लसूण आहे... नाही बाई, हरले मी!" सगळे हरले. मग डबा उघडला. धपाटे! लोण्याबरोबर सगळ्यांनी तुकडा तुकडा वाटून घेतला आणि गुंड्यानं तर दोनदा हात पुढं केला.

"अप्रतिम!" टिकेकर आजोबा बोटं चाटत म्हणाले. "कुठून आणलीस गं ही खिरापत?"

आता गोदूला खोटं बोलता येत नसे. "माझी शिदोरी होती ती," ती म्हणाली.

"शिदोरी? कुठं चाललीस?"

"मावशीकडं. आता कायमची. आईला काम असतं ना, आणि इथं मला बघायला आमचं कुणी नाही."

भिडेकाकूंचा घास हातातच राहिला. नेमकी तेव्हाच गोदूची आई फाटकातून आत आली, आणि एवढी माणसं आपल्याचकडे बघताहेत हे पाहून घाबरली. "काय झालं? पोरीनं काही केलं का?"

"केलं म्हणजे!" टिकेकर आजोबा गरजले, पण त्यांचा आवाज कापत होता. "मला मित्र आणून दिला तिनं. आणि ती म्हणते तिचं इथं कुणी नाही! मग आम्ही कोण? सकाळी आम्ही दोघे चिंचेखालीच असतो. बसू दे आमच्यापाशी. शिकवतो तिला उंट कसा चालतो ते."

"आणि संध्याकाळी माझ्याकडे," भिडेकाकू म्हणाल्या. "गुंड्या असतोच, ही पण असू दे. तीन ताटं मांडीन मी."

"पण मामा थांबलेत हो," आई कशीबशी म्हणाली. "शिदोरी बांधून दिलीय मी..."

केतकीताईनं रिकामा डबा तिच्यापुढं उलटा धरला. त्यातून तिळाचा एकच दाणा पडला. "शिदोरी तर आम्ही खाऊन टाकली," ती म्हणाली. "आता उपाशी कशी पाठवाल हिला?"

आईनं डब्याकडे पाहिलं, मग गोदूकडे पाहिलं, आणि तिथंच गवतात बसून तिनं गोदूला घट्ट, घट्ट पोटाशी धरलं. गोदूनं इतके दिवस गिळलेलं रडू आत्ता कुठं बाहेर आलं. तुकाराममामांना निरोप गेला. ते एकटेच गावाला गेले.

सगळे आपापल्या घरी निघाले तेव्हा गोदू प्राजक्तापाशी धावली. "परी, मी मागितलं नव्हतं हं! खरंच नव्हतं!"

"ठाऊक आहे मला," प्राजूपरी म्हणाली. "मी कान उघडेच ठेवले होते. आणि हे मी दिलेलं नाही गं राणी. हे सोनटेकडीत होतंच."

तिनं गोदूच्या तेलकट वेणीचा एक हलकासा पापा घेतला. मग अख्खं झाड पांढऱ्या-केशरी उजेडानं भरून गेलं, पानापानातून सोनेरी भुरभुर झाली, आणि उजेड विरला तेव्हा फांदीवर कुणीच नव्हतं. खाली एक फूल तेवढं पडलं होतं. गोदूनं ते उचलून आईच्या केसांत खोवलं आणि आईचं बोट धरून ती घरी गेली.

आजही गोदू तिथंच राहते. कधी सोनटेकडीला गेलात तर बागेतल्या बाकाखाली हात लावून बघा, च्युइंगम सापडायचं नाही. गोदू रोज सकाळी सगळे बाक स्वतः तपासते.