कोरड्या हाताचा वसा

ऐका मोतीमाय, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराला उगवतीच्या खिडक्या होत्या. तिथं एक कासार राहत होता. कासाराची बायको चिमाक्का. तिला एकुलती एक लेक, तिचं नाव मैना. मैनेचं लग्न झालं, सासर पडलं सात नद्यांपलीकडे. निघतेवेळी चिमाक्का रडू लागली, लेकीचा पदर सोडीना. तेव्हा मैनेनं काय केलं? एक मोतीवेल आणली. तिची पानं कशी? हिरव्या मोत्यांसारखी गोल, रसानं भरलेली, एकामागं एक ओवलेली. ती मातीच्या परळात लावली, परळ शिंक्यात ठेवलं, शिंकं माजघराच्या खिडकीत टांगलं. वेल खाली लोंबू लागली. मैना म्हणाली, "आई, ही हिरवी तोवर मी सुखात आहे असं समज." मग चिमाक्कानं पदर सोडला. लेक सासरी गेली.

मग चिमाक्का काय करी? सकाळी स्नान करी, तुळशीला पाणी घाली, उरलेलं वेलीला घाली. दुपारी जेवून उठे, आणखी तांब्याभर घाली. दिवेलागणीला लेकीची आठवण येई, पुन्हा घाली. "माझी बाय तहानली असेल," म्हणे.

एके दिवशी दारात एक म्हातारी आली. ती होती मोतीमाय, पण चिमाक्काला काय ठाऊक? म्हातारी म्हणाली, "बाई बाई, तुझी वेल बुडते आहे. मी तुला वसा देते, घेशील का?" चिमाक्का म्हणाली, "घेईन. काय करू? उपास करू? सवाष्ण जेवू घालू? लाख फुलं वाहू?" म्हातारी म्हणाली, "काही करायचं नाही. मातीत बोट घालावं. ओलं लागलं तर हात जोडून मागं फिरावं. कोरडं लागलं तर एकदाच पोटभर पाणी द्यावं, ते बुडातून निथळू द्यावं. सकाळचं कोवळं ऊन दाखवावं, दुपारचं दाखवू नये. शेजारीण डहाळी खुडायला आली तर दुसरीकडे पाहावं. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको." "इतकंच?" "इतकंच. करून तर पाहा," म्हणाली आणि हसत हसत गेली.

बायांनो, उपास सोपा, जागरण सोपं, काही न करण्याचा वसा महाकठीण! पहिल्या दिवशी चिमाक्कानं मातीत बोट घातलं, ओलं लागलं, हात जोडून मागं फिरली. दुसऱ्या दिवशी बोट घातलं, ओलं लागलं, मागं फिरली, पण हात शिवशिवू लागला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "म्हातारीला काय कळतंय? तिला का लेक आहे?" आणि तांब्या उपडा केला. हसू नका, तुमच्या घरी काय वेगळं चालतं?

इतक्यात शेजारीण ठकू ताक मागायला आली. येता येता तिनं मोत्यांची एक सर खुडली, ओच्यात लपवली. चिमाक्कानं पाहिलं. "अगं चोरटे, माझ्या लेकीचं सुख तोडून नेतेस?" ठकू म्हणाली, "अहो अक्का, मागून नेलेली वेल लागत नाही, चोरलेलीच लागते. एवढंही ठाऊक नाही?" चिमाक्कानं ताक दिलं नाही, दार लावून घेतलं. बोलणं बंद झालं.

मग वेलीचं काय झालं? मोती पाणचट झाले, मग पिवळे झाले, मग काळे पडून टपटप गळाले. मुळं कुजली, वेल गेली. चिमाक्कानं आकांत मांडला. "माझ्या मैनेला काय झालं गं बाई!" कासार म्हणाला, "माणूस पाठवू, विचारून येईल." ती म्हणाली, "नको. काय निरोप आणील तो?" आणि भीतीनं अन्न टाकलं.

भिंतीपलीकडे ठकूनं रडणं ऐकलं. राग होता, पण राहवेना. मग ती एक फुटकं परळ घेऊन आली. परळात रेताड माती, मातीवर मोत्यांची सर, हिरवीगार, टम्म. "अक्का, घ्या हा चोरीचा माल." चिमाक्का बघतच राहिली. "अगं, हिला घातलंस तरी काय?" ठकू म्हणाली, "खरं सांगू? मातीवर टाकली नि विसरून गेले. परळ फुटकं, पाणी ठरत नाही. मला पोरांकडे बघायला फुरसत नाही, वेलीकडे कोण बघतं?" चिमाक्का रडता रडता हसली, तिच्या पाया पडू लागली. ठकू म्हणाली, "पाया राहू द्या, आधी ताक द्या."

मग चिमाक्कानं वसा पाळला. हात शिवशिवला की दुसऱ्या हातानं धरून ठेवी. वेल वाढली, लोंबली, जमिनीला टेकली. आयाबाया डहाळ्या चोरून नेत, चिमाक्का दुसरीकडे पाही. मोतीमाय प्रसन्न झाली. एके दिवशी दारात गाडी थांबली. मैना आली!

चिमाक्का धावली. "वेल हिरवी आहे हो, म्हणजे तू सुखात आहेस!" मैना म्हणाली, "आई, तू पदर सोडीनास, म्हणून मी काहीतरी बोलून गेले. वेलीला काय ठाऊक? मला विचार ना." चिमाक्कानं आजवर कधी विचारलंच नव्हतं. मग भीत भीत म्हणाली, "मैने, कशी आहेस गं?"

मैना ओटीवर टेकली. म्हणाली, "सासू तोंडाची तिखट आहे. नवरा मनाचा गोड आहे. पाणी लांबून आणावं लागतं, खांदा भरून येतो. पहिल्या वर्षी फार रडले आई. आता हसते." चिमाक्कानं ऐकलं. हे कर म्हणाली नाही, ते कर म्हणाली नाही, हाय हाय केलं नाही. मग लेक आणखी बोलू लागली. दिवस मावळला, चूल पेटायची राहिली, तरी मायलेकींचं बोलणं सरेना.

जशी चिमाक्काची लेक आईपाशी मोकळी झाली, तशा तुमच्या आमच्या लेकीबाळी होवोत. साठ उत्तरांची ही कहाणी, पाच उत्तरांत सांगितली. सांगणारीची खिडकी हिरवी, ऐकणारीची खिडकी हिरवी, सुफळ संपूर्ण.